दोनशे मीटरच्या आतली घरं

चंद्री उंबऱ्याशी अडली ती अडलीच. पुढचे दोन पाय बैठकीच्या फरशीवर, मागचे दोन अंगणात, आणि मान अशी ताठ, जशी काही नको त्या स्थळाला दाखवायला आणलीय. आतून विजयमाला दावं ओढत होती, मागून सोजरबाई तिच्या पुठ्ठ्यावर थापा मारत होती.

"हिला कळतंय गं," सोजरबाई धापा टाकत म्हणाली. "माणसाची जागा हाय म्हणून."

"हिला कळून काय करायचंय? सायबाला कळाय नको."

शेवटी चंद्री आत आली. चकचकीत फरशीवर खूर सरकले तशी घाबरली आणि घाबरून जे करायचं ते तिथंच केलं. विजयमालानं डोळे मिटून घेतले. ही फरशी तिनं स्वतः हडपसरला जाऊन, टेम्पोत पुढं बसून आणली होती. आता तिच्यावर शेण होतं, दिवाणावर कडबा होता आणि टीव्हीवर पेंडीचं पोतं. भिंतीवरचं घड्याळ उतरवून पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. तिथून त्याची टिकटिक ऐकू येत होती.

सकाळचे दहा वाजले होते. मे महिना, सन दोन हजार एकोणीस. हिवरोळीच्या थोरल्या मळ्यात तेव्हा चौदा घरांच्या चौदा बैठकींत हाच तमाशा चालला होता.

हिवरोळी पुण्याबाहेरच्या मांजरी गावाच्याही पुढं. उसाचे फड संपतात आणि बिल्डरांचे फलक अजून पोचलेले नाहीत, त्या मधल्या पट्ट्यात. गावाबाहेर सावरमाळ म्हणून शंभर एकरांचं गायरान आहे, आणि त्याच्या कडेनं थोरल्या मळ्याची वस्ती. घरं चौदा, माणसं एकाहत्तर. पण ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात तिथं एकही माणूस राहत नव्हता. गावठाणाबाहेर घर बांधायचं तर परवानगीसाठी चपला झिजवाव्या लागतात, गोठ्याला कोणी विचारत नाही. म्हणून ज्यानं त्यानं घर बांधलं आणि गोठा लिहिला. विजयमालाचं घर 'गोठा, पत्र्याचा'. तिचा दीर हिंदुराव याचा दुमजली बंगला, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, गच्चीवर सौर पाण्याची टाकी, तो 'गोठा, मोठा'.

मागल्या वर्षी शेजारच्या गावात बेकायदा बांधकामाचं पथक आलं. जेसीबीनं सात घरं पाडली, मधला एक खराखुरा गोठा तेवढा सोडून दिला. तेव्हापासून थोरल्या मळ्याला गोठ्याबद्दल फार आदर वाटू लागला होता.

काल ग्रामपंचायतीचा शिपाई भैरू फटफटीवरून सांगत गेला होता, "उद्या पुण्याच्या बाई येणार. मशीन घेऊन. घर अन् घर मोजणार." नळावर बायांचा एकच गलका झाला. त्यात विजयमाला फणकाऱ्यानं म्हणाली होती, "मग बांधा म्हशी बैठकीत! गोठा गोठा करताय नव्हं, दिसू द्या की गोठा." तो टोमणा हिंदुरावाला होता, पण तो नळापाशी नव्हता. असता तरी तिनं तो सोजरबाईकडं तोंड करूनच मारला असता, कारण दीर-भावजय नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. संध्याकाळपर्यंत टोमणा हिंदुरावाच्या कानी गेला, रात्रीत त्याचा हुकूम झाला, आणि सकाळी तो हुकूम पाळायला सगळ्यात आधी लागली ती विजयमालाच. आपलेच शब्द असे आपल्याच फरशीवर शेण टाकतील हे तिला कुठं ठाऊक?

न बोलण्याचं कारणही हा गोठाच. नवरा बजरंग गेल्यावर दोन वर्षांनी, दोन हजार आठ साली, तिनं वाट्याच्या जागेवर दोन खोल्या आणि बैठक बांधली. पुढं हिंदुराव म्हणू लागला की तो कुटुंबाचा गोठा आहे, माझ्या हिश्श्यात आहे, वहिनी तिथं 'तात्पुरत्या' आहेत. तसा अर्जही त्यानं तहसिलात देऊन ठेवला. अर्जाची तारीख पडे, पुढं जाई, पुन्हा पडे. ती त्या घरात राहते असं सांगणारा एकही कागद विजयमालाकडं नव्हता. लाइटबिल दिराच्या नावाचं, रजिस्टरात गोठा. वस्तीतल्या बाकीच्या तेरा घरांना ती कुठं राहते हे माहीत होतं, आणि तेरापैकी एकानंही तसं लिहून दिलं नव्हतं. हिंदुरावाशी कोण वाकडं घेणार?

जीप आली. त्यातून पन्नाशीची, कॅनव्हासचे बूट आणि उन्हाची टोपी घातलेली बाई उतरली. नाव सुनीती. शहरासाठी नकाशे करणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. हातात टॅब होता. तिनं विजयमालाच्या दारातून आत पाहिलं. चंद्रीनं बाहेर पाहिलं.

"आपण इथं राहता?"

"न्हाई. इथं जनावरं राहत्यात."

"अस्सं. जनावरांना पंखा लागतो वाटतं."

"उन्हाळा हाय बाई."

"आणि देवघर?"

देवघर राहूनच गेलं होतं. निरांजन अजून तेवत होतं. विजयमालाला काही सुचेना. तेवढ्यात मागून हिंदुराव आला. पांढरी विजार, मनगटात जाड कडं. वहिनीकडं न बघता म्हणाला, "आमच्या म्हशी देवभोळ्या हायेत."

मागं जमलेले बाप्ये खदाखदा हसले. सुनीती हसली नाही.

"छान. माझ्याकडच्या माणसांपेक्षा बऱ्या," ती म्हणाली आणि टॅबवर टिपू लागली. "थोरला मळा. गोठे चौदा. निवास शून्य. आपण सगळे कुठं राहता हे मी विचारत नाही. माझं काम मात्र सोपं केलंत, आभारी आहे."

ती जीपकडं वळली. हिंदुरावानं मिशीवरून हात फिरवला. कोणीतरी शिट्टी मारली. पण विजयमालाच्या मनात ते 'सोपं' रुतलं. सरकारी माणसाचं काम सोपं झालं म्हणजे आपलं काहीतरी अवघड झालं, एवढं तिला अनुभवानं ठाऊक होतं.

"बाई, थांबा. सोपं म्हंजे कसं?"

"कचरा डेपोला मोकळी जागा लागते. दोनशे मीटरच्या आत घर नको. इथं घरच नाही."

आत चंद्रीनं शेपटीचा फटकारा मारला.

"कसला डेपो?" हिंदुरावानं विचारलं.

"कचऱ्याचा. पुण्याच्या. जुना भरला, तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या. आता नवी जागा शोधायची आहे." सुनीतीनं टॅब फिरवून त्यांच्यापुढं धरला. वरून काढलेला फोटो. सावरमाळ, विहिरी, ओढा, आपापली पत्र्याची छपरं सगळ्यांना ओळखू आली. "एकावर एक थर ठेवतो आम्ही. ओढ्याजवळची जागा बाद. विहिरीजवळची बाद. फार उताराची, फार पाझरणाऱ्या खडकाची, रस्त्यापासून लांबची, सगळी बाद. जिल्ह्यात अठ्ठावीस जागा होत्या, गाळून गाळून तीन राहिल्या. त्यात ही पहिली. फक्त फोटोत ही छपरं दिसत होती, म्हणून मी म्हटलं जाऊन बघावं, घरं आहेत की काय. नाहीत म्हणता आपण."

सावरमाळावर डेपोचा लाल आकार पसरला होता. त्याची कड वस्तीच्या इतकी जवळ होती की सोजरबाईनं तिच्यावर बोट ठेवलं तर बोटाखाली तिचं परसही गेलं.

मग जो गोंधळ उठला त्यात शिव्याच जास्त होत्या. भैरूनं जीपच्या चाकाला लाथ घातली. हिंदुरावानं ट्रॅक्टर आणून जीपच्या मागं आडवा लावला आणि खाली उतरून म्हणाला, "गाडी पेटवून दीन. तुमच्या टॅबासकट."

"पेटवा. नकाशा ऑफिसात आहे." सुनीती जीपच्या पायरीवर बसली आणि डबा उघडला. पोळी-भाजी होती. "मला घाई नाही. सोमवारी अहवाल द्यायचाय. मी नाही पोचले तर आहे तोच नकाशा पुढं जाईल. मग माझ्याऐवजी मोठे साहेब येतील, पोलीस घेऊन."

"तुमच्या कर्वेनगरात टाका की कचरा!" सोजरबाई ओरडली. "तुमीच केला नव्हं?"

"मी कर्वेनगरातच राहते. आणि केला आम्हीच. पण तिथं दोनशे मीटर राहू द्या, दोन मीटरही घराशिवाय नाहीत. तिथल्या लोकांनी घराला घर लिहिलंय."

हे वाक्य सगळ्यांना झोंबलं. बाई तोंडानं तिखट होती, आणि गावाला तिखट तोंडाची सवय फक्त आपल्या बायकांची होती.

"मग आता लिहा घर," विजयमाला म्हणाली. "काय लागतं?"

"निवासाचा पंचनामा." सुनीतीनं पिशवीतून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला. "राहणाऱ्याची सही, आणि सगळ्यात जवळच्या घरातल्या माणसाची साक्ष. मी फोटो काढीन, नकाशावर घर चढवीन."

"अन् त्योच कागद उद्या जेसीबीवाल्याकडं जाईल," हिंदुराव म्हणाला. "सापळा हाय सापळा. कुणी सही करायची न्हाई. आपून आंदोलन करू, रस्ता अडवू."

सगळे सुनीतीकडं बघू लागले. ती घास गिळेपर्यंत थांबली.

"जाऊ शकतो," ती म्हणाली. "मी खोटं सांगणार नाही. ते खातं वेगळं, पण कागद कुठून कुठं जातो ते माझ्या हातात नाही. आपलं आपण ठरवा. मात्र गोठा म्हणून लिहून द्यायचं आणि घर म्हणून माया मागायची, तर मी काय देवाला कौल लावू?"

बाप्ये कुजबुजत बाजूला गेले. विजयमाला तिथंच उभी राहिली. तिचं लक्ष कागदावर होतं. छापलेलं होतं, 'मी खाली सही करणार, या घरात सन ____ पासून राहत आहे.' नऊ वर्षं ती तहसिलात, तलाठ्याकडं, वकिलाकडं हेच एक वाक्य मागत हिंडली होती, आणि ते इथं छापील, कोरं, कुणीही भरावं असं पडलं होतं. जेसीबी येईल तेव्हा येईल. तिच्या घराला तसाही धोका नवा नव्हता. तो रोज फाटकावरच्या सिंहांमधून ये-जा करायचा.

तिनं पदराला हात पुसले आणि 'दोन हजार आठ' असं अक्षरात लिहिलं. खाली सही केली. सोजरबाईनं एकदा हिंदुरावाच्या पाठीकडं बघितलं, एकदा आपल्या परसाकडं बघितलं आणि अंगठा दिला. त्याखाली 'दुसरा साक्षीदार, असल्यास' म्हणून एक ओळ होती. ती रिकामीच राहिली.

सुनीतीनं फोटो काढला, चंद्रीसकट. टॅबवर विजयमालाच्या छपराभोवती एक गोल उमटला. लाल आकार त्या गोलापासून लांब सरकला.

ते बघून सोजरबाईनं आपला कागद मागितला. मग भैरूच्या बायकोनं. मग बाया पुढं आणि बाप्ये मागं अशी रांगच लागली. एकमेकांच्या घरांना एकमेकांची साक्ष. तासाभरात तेरा कागद झाले, तेरा गोल एकमेकांत गुंतले, आणि लाल आकार तेवढाच्या तेवढा उचलून माळाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसला.

दुसऱ्या अंगाला, वस्तीपासून तीनशेएक मीटर लांब, एकच छप्पर होतं. त्यावर सौर पाण्याची टाकी होती.

"ए बाई," हिंदुराव गर्दी सारत पुढं आला. "तिकडं कशाला ढकलला?"

"मी नाही ढकलला. मोकळी जागा दिसते तिकडं तो जातो. आपल्या मागच्या भिंतीपासून चाळीस मीटर. त्या बाजूला फक्त एक गोठा आहे."

"बंगला हाय त्यो!"

"गोठा, मोठा. रजिस्टरात वाचलंय मी."

या वेळी बाप्ये हसले नाहीत. बाया हसल्या.

"आणि यांनी सही केली तर कुठं जातो?" विजयमालानं विचारलं.

सुनीतीनं नुसतं करून दाखवलं. चौदावा गोल. लाल आकार इकडून तिकडून कुरतडला गेला आणि मधोमध तुटला. "पन्नास एकर सलग लागतात. उरतात एकोणीस. मग ही जागा बाद."

आता सगळी गर्दी हिंदुरावावर उलटली. आंदोलनाचं नाव कोणी काढेना. हिंदुरावानं दात खाऊन कागद घेतला, साल घातलं, सही केली आणि सोजरबाईपुढं धरला.

"तिचं चालणार नाही," सुनीती म्हणाली. "सगळ्यात जवळचं घर लागतं." तिनं टॅबवर बोटानं अंतर मोजलं. "या बाईंचं."

हिंदुराव वहिनीकडं बघेना. त्यानं कागद सोजरबाईकडं दिला, सोजरबाईनं विजयमालाकडं. नऊ वर्षं त्यांच्यातल्या सगळ्या निरोपांची वाट हीच होती.

विजयमालानं कागद वाचला. सावकाश, दोनदा.

"मला ठाव न्हाई ते कुठं राहत्यात," ती सोजरबाईला म्हणाली. "नऊ वर्षांत मी त्यांच्या दारात गेले न्हाई. साक्ष कशी देऊ? खोटी?"

"अगं कर की सही!" भैरू कळवळला. "वयनी, गावाचा प्रश्न हाय."

"गावाचा हाय व्हय? मी तारखेला एकटी जाते तेव्हा गाव कुठं असतं रं भैरू? म्हशी धूत असतं?"

"विजे, नको ताणूस," सोजरबाई हळूच म्हणाली. "उन्हाचा पारा बघ, अन् ह्याचा बी."

विजयमालानं ताणलं. आपल्या कागदावरची रिकामी ओळ तिनं बोटानं दाखवली. "भावजींना विचारा, मी कुठं राहते. त्यांच्या हातानं लिहू द्या. मग मला बी आठवंल ते कुठं राहत्यात."

हिंदुरावाचं कडं वर-खाली झालं. त्याला क्षणभर वाटलं असावं की कागद फाडावा आणि चालतं व्हावं. पण तेरा घरची माणसं त्याच्या आणि ट्रॅक्टरच्या मधे उभी होती, आणि त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्यावर काल संध्याकाळची अदब नव्हती. कचऱ्यापुढं हिंदुरावाची भीती एका तासात वितळली होती. त्यानं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं.

विजयमाला वाचायला वाकली. "'तात्पुरत्या' काढा."

"बाई, खोडू का त्यो शब्द?" त्यानं सुनीतीला विचारलं.

"खाडाखोड चालत नाही. नवा कागद घ्या. तिची सही आणि अंगठा परत होईल." सुनीतीनं डब्याचं झाकण लावलं. "माझ्याकडं बरेच कागद आहेत."

नव्या कागदावर, सही-अंगठा झाल्यावर, त्यानं लिहिलं, 'विजयमाला बजरंग या माझ्या वहिनी असून सन २००८ पासून त्यांच्या स्वतःच्या घरात राहतात.' 'स्वतःच्या'पाशी पेन इतकं थांबलं की शाईचा ठिपका पडला.

"आता कर," भैरू म्हणाला.

"हा तर बाईंबरोबर पुण्याला जाणार," विजयमाला म्हणाली. "माझ्यापाशी काय राहिलं? अजून एकदा लिहा. माझ्याजवळ ठेवायला."

"वयनी!" हिंदुराव ओरडला.

तोंडातून शब्द गेला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, त्याच्याही. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला होता. आणि बोलला तो एवढंच.

ती हलली नाही. त्यानं तिसरा कागद ओढला. बॉनेट तापलं होतं, मनगट टेकलं की चटका बसत होता. घाम नाकावरून कागदावर पडला, तो त्यानं कोपरानं टिपला. ती शेजारी उभी राहून एकेक अक्षर उमटताना बघत होती.

"सावकाश लिहा, भावजी. तहसीलदाराला अक्षर लागलं पायजे."

लिहून झालं. कागद तिनं वाळवला, चार घड्या घातल्या आणि पोलक्यात ठेवला. मग हिंदुरावाच्या कागदावर सही केली. सुनीतीनं चौदावा गोल चढवला. लाल आकार तुटला. टॅबवर दोन शब्द आले, 'क्षेत्र अपुरे'. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"आता कुठं टाकणार?" सोजरबाईनं विचारलं.

"यादीत दोन नंबर आहे. उद्या तिकडं जायचंय."

"तिथं कोण राहतं?"

"गेल्याशिवाय कळत नाही," सुनीती म्हणाली. आवाज पहिल्यासारखाच कोरडा होता, पण टोपी घालताना तिनं दोनदा चुकीच्या बाजूनं घातली. निघताना तिला पाणी विचारावं असं विजयमालाच्या मनात आलं. तिनं विचारलं नाही. बाई उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात हेच सोपं काम करणार होती.

हिंदुरावानं ट्रॅक्टर बाजूला घेतला. जीप गेली, धूळ बसली, माणसं पांगली. म्हशी आपापल्या घरांतून बाहेर निघू लागल्या. हिंदुराव मात्र ट्रॅक्टर चालू ठेवून विजयमालाच्या अंगणासमोर थांबला.

"हे कचऱ्यापुरतं हाय, वयनी," तो इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाला. "कोर्टात मी म्हणंन, जबरदस्तीनं लिहून घेतलं. अन् उद्या जेसीबी आला, तर पहिलं तुमचं दार दाखवीन."

विजयमालानं पोलक्यावरून पदर नीट घेतला.

"दाखवा," ती म्हणाली. "पण काय म्हणून दाखवणार, घर का गोठा, ते आता ठरवून ठेवा."